नसलेला ढग

बस. लॅपटॉप मिटव आणि वही उघड. आज पडद्यावर काही दाखवायचं नाही. जे सांगायचं ते तोंडाने आणि पेन्सिलीने.

तुझा अहवाल मी काल रात्री दोनदा वाचला. पहिल्या वेळी राग आला. दुसऱ्या वेळी काळजी वाटली, म्हणून सगळे गेल्यावर तुला थांबवलं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत लिहिलंस, ‘४५० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यात चालणारी अर्ध-तरंग प्लेट’. मोजमापांचा तक्ता शोधत मी बाविसाव्या पानापर्यंत गेले. तिथे एकच ओळ आहे. हीलियम-निऑन लेसर, ६३३ नॅनोमीटर, रिटार्डन्स १८०.७ अंश. खाली तुझी सही आणि तारीख.

एका रंगावर मोजलंस आणि अडीचशे नॅनोमीटरच्या दाव्याखाली सही केलीस. हे मला चालणार नाही. दशांशानंतरचा तो सात बघून मी अहवाल मिटून ठेवला होता. निळ्यात काय होतं ते ज्याने पाहिलंच नाही, त्याला तांबड्यातला अंशाचा दहावा भाग लिहिण्याचा अधिकार नाही.

‘लेसर टेबलावर लावलेलाच होता’ असं तू काल म्हणालास. हवा तो रंग वेगळा काढून देणारा मोनोक्रोमेटर शेजारच्या खोलीत आहे. त्याची नोंदवही मी आज सकाळी चाळली. या अख्ख्या वर्षात तिच्यात तुझं नाव एकदाही नाही. वीस पावलं चालायचा कंटाळा केलास, आणि त्या कंटाळ्यावर पट्ट्याचं नाव चिकटवलंस. वर हेही लक्षात घे, की ६३३ ही तुझ्या रचनेची सगळ्यांत सुखाची जागा आहे. तिथे चूक जवळजवळ शून्यातून जाते. तिथे चांगला आकडा येणारच होता. त्यातून तुला काहीही कळलेलं नाही.

आता मुळापासून सांगते, कारण दुसऱ्या प्रकरणात तू मूळच गाळलंस.

क्वार्ट्झमध्ये शिरलेल्या प्रकाशाची दोन कंपनं दोन वेगांनी चालतात. प्रकाशीय अक्षाला समांतर असलेलं मागे पडतं, आडवं पुढे निघून जातं. दोन्हींच्या अपवर्तनांकांतला फरक हिरव्या प्रकाशात साधारण ०.००९२. ५५० नॅनोमीटरला अर्ध्या तरंगाची पिछाडी हवी, म्हणजे २७५ नॅनोमीटर. भागाकार कर. जाडी येते ३० मायक्रॉन, केसापेक्षा पातळ. ही पिछाडी नॅनोमीटरमध्ये मोजली तर रंग बदलला तरी फारशी हलत नाही. पण अर्धा तरंग म्हणजे किती, हे रंगच ठरवतो. ४५० ला २२५ लागतात, ७०० ला ३५०. म्हणजे तीच प्लेट निळ्याला जास्त होते आणि तांबड्याला अपुरी पडते. हीच पिछाडी अंशांत मांडलीस, म्हणजे रिटार्डन्स काढलास, तर ४५० ला २२० आणि ७०० ला १४१.

हेही पूर्ण खरं नाही. अपवर्तनांकांतला फरक निळ्याकडे वाढत जातो, तांबड्याकडे घटतो. ४५० ला तो हिरव्यापेक्षा साधारण दोन टक्क्यांनी जास्त असतो. त्यामुळे खरे आकडे २२४ आणि १३८ च्या आसपास येतात. तू तिसऱ्या प्रकरणात सगळीकडे ०.००९२ धरून बसलास. एक आकडा पाठ केला आणि सगळ्या रंगांना तोच लावला. पट्ट्यासाठी रचना करणाऱ्या माणसाने ज्या गोष्टीकडे सगळ्यांत आधी बघायचं, तीच तू स्थिर मानलीस. तुझ्या आलेखात तीन प्लेटांच्या रचनेची निळ्या कडेला १.८ अंशांची चूक दिसते. खरी ३ अंशांच्या वर आहे. क्वार्ट्झचे अपवर्तनांक रंगागणिक मोजलेले, छापलेले आहेत. शोधायला दहा मिनिटं लागतात.

कपाटातल्या त्या एक मिलिमीटरच्या प्लेटबद्दल मी बोलणार नव्हते, पण तू पहिल्या महिन्यात तीच वापरत होतास, म्हणून एक वाक्य. तिच्यात पिछाडी साधारण पंधरा तरंगांची आहे. तरंगलांबी एका टक्क्याने हलली की कलांतर साधारण ५५ अंशांनी हलतं. ती एका लेसरसाठी घेतलेली प्लेट आहे, तिला पट्ट्याच्या कामात हात लावायचा नाही.

आता तीन प्लेटांकडे ये. तीन सारख्या अर्ध-तरंग प्लेटा, पहिली आणि तिसरी एका दिशेत, मधली फिरवलेली. तू लिहिलंस, ‘सॉफ्टवेअरने ५८.७ अंश हा सर्वोत्तम कोन दिला.’ परवा मी तुला विचारलं, साठाच्या जवळच का? तीस का नाही, पंचेचाळीस का नाही? तू गप्प उभा राहिलास. त्या गप्प बसण्याचं मला जास्त वाईट वाटलं. येत नसेल तर ‘येत नाही, सांगा’ म्हणायचं. मी कधी नाही म्हटलंय?

ही रचना कुणाची, हे तुझ्या संदर्भयादीत आहे. शिवरामकृष्णन पंचरत्नम. पण तू जो निबंध दिलास तो १९५६ चा आहे, व्यतिकरणाच्या सिद्धांताचा. तो निबंध मोठा आहे. त्यातल्या कलेच्या कल्पनेला आज पंचरत्नमचंच नाव आहे आणि जगभर तो उद्धृत होतो, म्हणून तुझ्या हाताला लागला. प्लेटांचे निबंध १९५५ चे, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात. एक वर्तुळाकार पोलरायझरवर, दुसरा पाव-तरंग प्लेटवर. म्हणजे ज्याच्या कल्पनेवर तुझा सगळा प्रकल्प उभा आहे, त्याचा निबंध तू उघडलासुद्धा नाहीस. तो माणूस तेव्हा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत होता आणि एकवीस वर्षांचा होता. तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. ऑक्सफर्डला गेला आणि १९६९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला. इतक्या थोड्या आयुष्यात त्याने जे कागदावर मांडलं ते वाचायला तुला एक दुपार लागली असती.

त्याच्याजवळ तुझं सॉफ्टवेअर नव्हतं. त्याच्याजवळ एक गोल होता. प्वांकारेने १८९२ मध्ये मांडलेला गोल, ज्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे ध्रुवीकरणाची एक अवस्था. विषुववृत्तावर रेषीय, दोन ध्रुवांवर वर्तुळाकार, मधे लंबवर्तुळाकार. वेव्हप्लेट म्हणजे या गोलाला एका आसाभोवती दिलेलं फिरवणं, बस. प्लेट टेबलावर जितकी वळवशील त्याच्या दुप्पट तो आस गोलावर वळतो. वहीत काढ. काढ म्हणते ना.

पहिली प्लेट गोलाला १८० अंश फिरवते, पण निळ्यात थोडं जास्त फिरवते. ते जास्तीचं फिरवणं म्हणजे एक छोटा बाण, पहिल्या प्लेटच्या आसाच्या दिशेने. दुसरी प्लेटही तेवढंच जास्त फिरवते, पण तिचा आस वेगळ्या दिशेला आहे, आणि पहिल्या प्लेटच्या फिरवण्यातून बघितला तर आणखी वळलेला दिसतो. तिसरीचंही तसंच. तीनही चुकांचे बाण एका ठिकाणी आणून ठेवलेस तर ते ०, १२० आणि २४० अंशांवर येतात, केव्हा, तर मधली प्लेट ६० अंशांवर असेल तेव्हा. एकाच लांबीचे तीन बाण, एकमेकांशी १२० अंश. बेरीज शून्य. म्हणून साठ. यात सॉफ्टवेअरचं काहीही नाही, दहावीतल्या मुलालाही हा त्रिकोण काढता येईल. प्रत्येक प्लेट चुकते आणि तरीही तिघी मिळून चुकत नाहीत, कारण त्यांच्या चुकांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना वळवलेली आहेत.

आता हिशेब. एका प्लेटची चूक ४४ अंशांची असेल, तर तिचा निम्मा घ्यायचा, २२, त्याची साइन काढायची आणि तिचा घन करायचा. येतो ०.०५२ च्या आसपास. एकत्रित रिटार्डन्सच्या निम्म्याची कोसाइन तेवढी, वजा चिन्हासकट. त्यावरून रिटार्डन्स येतो १८६ अंश. ४४ ची चूक ६ वर आली. घन आहे म्हणून मधल्या रंगांत चूक जवळपास नाहीशीच होते. एकट्या प्लेटची चूक ३० असेल तर तिघींची २ अंश. हे सगळं एका ओळीच्या सूत्रात आहे आणि ते तुझ्या अहवालात कुठेही नाही.

तू म्हणशील, सॉफ्टवेअरने ६ चे ३ केले, कोन ५८.७ वर नेऊन. केले, बरोबर आहे. आता माझ्याकडे बघ, कारण तुला थांबवलं ते याच्यासाठी.

प्लेटचे दोन गुण असतात. ती किती फिरवते, हा रिटार्डन्स. कशाभोवती फिरवते, हा अक्ष. एकट्या स्फटिकाचा अक्ष स्फटिकातच असतो, रंग बदलला तरी तो जागचा हलत नाही. तीन प्लेटांच्या रचनेचा अक्ष कुठल्याही स्फटिकात नसतो. तो तिघींच्या फिरवण्यातून तयार होतो, आणि म्हणून रंगाबरोबर सरकतो. तुझ्या अहवालात ‘अक्ष’ हा शब्द अकरा वेळा आला आहे, मी मोजला. ‘सरकतो’ हा शब्द एकदाही नाही.

किती सरकतो ते मी रात्री हाताने काढलं. मधली प्लेट ६० अंशांवर असेल तर ५५० पासून ४५० पर्यंत अक्ष ३.२ अंशांनी सरकतो. ७०० च्या कडेलाही जवळजवळ ३, आणि त्याच बाजूला. तुझ्या ५८.७ वर निळ्या कडेचं हेच सरकणं ३.६ अंश होतं. नीट ऐक. तुझ्या सॉफ्टवेअरने रिटार्डन्सची चूक निम्मी केली आणि अक्षाची चूक वाढवली. तू त्याला रिटार्डन्सच सांगितला होतास. त्याने सांगितलं तेवढंच केलं. दोष त्याचा नाही.

आणि या दोन चुका सारख्या किमतीच्या नाहीत. ही प्लेट कशासाठी आहे? पोलरिमीटरमध्ये बसायची आहे. दुर्बिणीतून आलेल्या ताऱ्याच्या प्रकाशासमोर ती फिरणार, मागे वोलास्टन प्रिझम, आणि दोन प्रतिमांच्या तेजाच्या तुलनेतून ध्रुवीकरण निघणार. पुण्याच्या आयुकात नव्वदच्या दशकात बनवलेल्या इम्पोलमध्ये हीच व्यवस्था होती, फिरती अर्ध-तरंग प्लेट आणि वोलास्टन. त्या व्यवस्थेत रिटार्डन्स ६ अंशांनी चुकला तर ध्रुवीकरणाचा जो अंश पकडला जातो तो १ ऐवजी ०.९९७ होतो. ताऱ्याचं ध्रुवीकरण २ टक्के असेल तर १.९९५ दिसेल. मंद ताऱ्याच्या मोजमापात हा फरक कुणाला दिसणारही नाही. अक्ष ३ अंशांनी सरकला तर? अर्ध-तरंग प्लेट ध्रुवीकरणाला अक्षाच्या दुप्पट वळवते. उत्तर सरळ ६ अंशांनी चुकतं, तुझ्या रचनेत ७ नी. ज्या चुकीने काही बिघडत नव्हतं ती कमी करायला तू चार महिने घातलेस, आणि जिने सगळं बिघडतं तिच्याकडे पाहिलंही नाहीस.

सात अंश म्हणजे काय, हे तुला वाटतं तितकं किरकोळ नाही. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना धुळीच्या ढगांतून येतो. धुळीचे लांबट कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून उभे राहतात आणि प्रकाशाला थोडं ध्रुवीकृत करतात. हिल्टनर आणि हॉल या दोघांनी १९४९ मध्ये हे ध्रुवीकरण पहिल्यांदा मोजलं. ध्रुवीकरणाचा कोन म्हणजे त्या दिशेतल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. आणि जर हा कोन निळ्यात एक आणि हिरव्यात दुसरा आला, तर खगोलशास्त्रज्ञ त्यातून वाचतात, की वाटेत एक ढग नसून निदान दोन आहेत, वेगळ्या आकाराच्या धुळीचे, वेगळ्या दिशेच्या क्षेत्रातले. हे वाचन योग्यच आहे. कोनाच्या रंगाबरोबर फिरण्याचा अर्थ तोच असतो.

तुझी प्लेट प्रत्येक ताऱ्याच्या कोनाला रंगाबरोबर फिरवणार आहे. तुझ्यामुळे कुणीतरी आकाशात नसलेला ढग बघितला असता. त्याची रात्र गेली असती, त्याचं अनुदान गेलं असतं, आणि तो ढग एखाद्या नियतकालिकात छापून आला असता. तो माणूस तुझ्या मुखपृष्ठावरच्या ओळीवर विश्वास ठेवून काम करणार होता. त्याने प्लेट पुन्हा मोजायची नसते, कारण तू मोजली आहेस असं तू सही करून सांगितलं आहेस.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तुझ्याएवढी असताना मी एका दुर्बिणीवर सहा रात्री काम केलं. उपकरणाच्या अर्ध-तरंग प्लेटचा शून्य-कोन प्रत्येक फिल्टरसाठी वेगळा मोजायचा असतो, हे मला माहीत नव्हतं, आणि उपकरण बनवणाऱ्यांनी तो कुठे लिहून ठेवला नव्हता. घरी येऊन आलेख काढले तेव्हा सगळे तारे एकाच वळणाने फिरत होते. जवळचेही आणि लांबचेही, धुळीतलेही आणि स्वच्छ आकाशातलेही. ते बघितल्यावर कळलं, की वळण ताऱ्यांचं नाही. सहा रात्रींतलं काहीही वापरता आलं नाही. तुझ्या प्लेटच्या पलीकडच्या माणसाला असं बसायला लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

ज्यांना हे कळतं ते काय करतात ते बघ. चिलीतल्या सेरो परानालवर व्हेरी लार्ज टेलिस्कोपचं फोर्स नावाचं उपकरण आहे. त्यातली अर्ध-तरंग प्लेट तुझ्या-माझ्या कुठल्याही प्लेटपेक्षा चांगली आहे. तरीही तिचा अक्ष रंगागणिक किती सरकतो याचा तक्ता वेधशाळेने वापरणाऱ्यांसाठी उघड ठेवला आहे. कुणी लपवला नाही. चांगली प्लेटसुद्धा अक्ष सरकवते, आणि तो किती सरकतो हे सांगणं बनवणाऱ्याचं काम असतं. अटाकामा वाळवंटात वैश्विक पार्श्वभूमीच्या सूक्ष्मतरंगांचं ध्रुवीकरण मोजणारे लोक हेच तीन बाण नीलमाच्या तीन चकत्यांनी काढतात. मिलिमीटर-तरंगांत नीलमाचा अपवर्तनांकांतला फरक मोठा असतो, त्यामुळे एकेक चकती काहीच मिलिमीटर जाडीची होते. त्यांनाही हीच धास्ती आहे. धुळीचा प्रकाश आणि पार्श्वभूमीचा प्रकाश यांचे वर्णपट वेगळे असतात, म्हणून एकच चकती दोघांना वेगळा कोन देते. ते लोक तो कोन मोजायला काही वर्षं घालतात. तू एक दुपार दिली नाहीस.

चिकटवण्याच्या कामाबद्दल बोलते, कारण तिथे मला तुझं खरं कौतुक आहे. सहा तुकडे, प्रत्येक थर दोन जाड प्लेटांचा, अक्ष एकमेकांना काटकोनात, जाडीतला फरक ३० मायक्रॉन. एकाही सांध्यात बुडबुडा नाही. असा हात माझ्या पंचवीस वर्षांत मी तीन-चार मुलांचाच पाहिला. म्हणूनच चिडले आहे. असा हात असलेल्या मुलाने डोकं बाजूला ठेवून काम करावं, हे मला सहन होत नाही.

आणि त्या सांध्याबद्दल तू जे लिहिलंस तेही दुरुस्त कर. ‘मधल्या प्लेटच्या कोनात १ अंशाची चूक झाली असल्याची शक्यता, त्यामुळे रचना सदोष’ असं तू चोविसाव्या पानावर कबूल केलंस. कबूल केलंस हे चांगलं. पण ती चूक तुला नीट ओळखता आली नाही. मधली प्लेट १ अंशाने चुकली तर मुख्यतः पूर्ण रचनेचा अक्षच साधारण १ अंशाने वळतो, आणि सगळ्या रंगांना जवळपास सारखाच वळतो. कायमची चूक एकदा मोजून वजा करता येते. रंगाबरोबर बदलणारी चूक ताऱ्याच्या वर्णपटात, फिल्टरच्या आकारात, सगळीकडे मिसळते, तिला वजा करणं फार कठीण. जी धुऊन निघते तिच्यावर तू अर्धं पान रडलास आणि जी निघत नाही तिच्याबद्दल एक शब्द नाही.

आता करायचं काय. ‘पुढील दिशा’ मध्ये तू फ्रेनेलचा रॉम्ब सुचवलास. तो मी खोडला. रॉम्ब उत्तम आहे, काचेत पूर्ण अंतर्गत परावर्तन दोनदा, प्रत्येक वेळी ४५ अंशांचं कलांतर, आणि ते अपवर्तनांकावर अवलंबून असल्यामुळे रंगाबरोबर फार कमी बदलतं. पण एका रॉम्बमधून किरण बाजूला सरकून बाहेर पडतो. अर्ध-तरंगासाठी दोन जोडावे लागतात, मग लांब काचेचा तुकडा दुर्बिणीच्या अभिसारी किरणशलाकेत फिरवत बसायचं. तुझ्या उपकरणात तेवढी जागा नाही. तू जागा मोजली नव्हतीस.

तुझ्या हातात सहा तुकडे आहेतच. त्यातले तीन क्वार्ट्झचे ठेव, तीन मॅग्नेशियम फ्लोराइडचे घे. कारण समजून घे. आपल्याला अशी पिछाडी हवी जी तांबड्याकडे वाढत जाईल. नेहमीच्या वापरातला कुठलाही एकटा स्फटिक हे देत नाही, त्यांची तांबड्याकडे घटते. पण दोघांची घट सारखी नसते. क्वार्ट्झची जास्त, मॅग्नेशियम फ्लोराइडची कमी. जी कमी घटते तिच्यातून जी जास्त घटते ती वजा केलीस, अक्ष काटकोनात ठेवून, तर उरलेली बाकी तांबड्याकडे वाढते. दोन रंगांवर बाकी बरोबर अर्ध्या तरंगाची असावी, अशी दोन समीकरणं मांड. दोन अज्ञात जाड्या, उत्तर मिळतं. डॉलंडने अठराव्या शतकात दोन काचांनी भिंगाचा रंगदोष घालवला, तीच युक्ती इथे कलांतराला लावलेली. बेकर्स यांनी १९७१ मध्ये सूर्याच्या निरीक्षणासाठी अशा जोड्यांचा हिशेब मांडला. सेर्कोव्स्की यांनी अशा तीन जोड्या पंचरत्नमच्या रचनेत बसवल्या, सहाच तुकडे, तुझ्याइतकेच.

याचा अक्षाशी काय संबंध, तेही बघ. अक्षाचं सरकणं एकेका थराच्या चुकीच्या निम्म्याच्या साइनच्या वर्गाबरोबर वाढतं. थराची चूक ४४ अंश असेल तर सरकणं ३ अंशांच्या वर. तीच चूक जोडीने ५ अंशांवर आणलीस, तर सरकणं अंशाच्या विसाव्या भागावर येतं. म्हणजे लढाई थरात जिंकायची. तू कोन हलवत बसलास.

एक धोका आत्ताच सांगून ठेवते. या जोड्यांत दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे. जाड्या काहीशे मायक्रॉनांच्या, आणि त्यांतून उरणारी बाकी जेमतेम पाव मायक्रॉनची. क्वार्ट्झ एक मायक्रॉनने जाड राहिलं तर पिछाडी ९ नॅनोमीटरने चुकते, ५५० ला जवळजवळ ६ अंश. घासणाऱ्याला नुसती जाडी सांगून चालणार नाही, घासताना रिटार्डन्स मोजत जायचं. आणि मॅग्नेशियम फ्लोराइडचे अपवर्तनांक डॉज यांच्या १९८४ च्या मोजमापांतून घे, तिसऱ्या-चौथ्या हातातून आलेला एखादा गोल आकडा घेऊ नकोस.

रडू नकोस. पाणी पी. मी तुझा प्रकल्प नापास केलेला नाही, परत केला आहे. त्यात फरक आहे आणि तो तुला महिन्याभरात कळेल.

उद्यापासून असं करायचं. मुखपृष्ठावरची ओळ खोड, तिच्या जागी आत्ता काही लिहू नकोस. आहे तीच प्लेट, ५८.७ वाली, मोनोक्रोमेटरवर लाव. तिच्यापुढे ग्लान प्रिझम, म्हणजे येणारा प्रकाश पूर्ण रेषीय आहे याची खात्री राहील. प्लेट साडेबावीस अंशांच्या पावलांनी पूर्ण एक फेरा फिरव, सोळा रीडिंगं. मग पुढचा रंग. दर १० नॅनोमीटरला. प्रत्येक रंगाला दोन आकडे काढायचे, रिटार्डन्स आणि अक्ष, दोन वेगळ्या स्तंभांत. मी काढलेले ३.६ अंश तुझ्या मोजमापात येतात का ते मला बघायचं आहे. नाही आले तर आपल्यातलं एकजण चुकलं आहे आणि कोण ते शोधायचं. माझं चुकलं असेल तर मी तुझ्या अहवालात तसं लिहून सही करेन.

मधे रात्री पंचरत्नमचे १९५५ चे दोन्ही निबंध वाच. गोल काढत वाच, नुसता डोळे फिरवून नको. जिथे अडेल तिथे खूण कर आणि मला दाखव.

मोनोक्रोमेटरची किल्ली ही घे. नोंदवहीत नाव लिही. सुरुवात ४५० पासून कर.